एकट्यानं वेब डेव्हलपमेंटची कंपनी चालवायचीय? आधी दिवस मोजा

नोकरी सोडून स्वतःचं काम चालू केलं की पहिले दोन-तीन महिने माणूस काय करतो, तर लोगो, कंपनीचं नाव, व्हिजिटिंग कार्ड आणि स्वतःची वेबसाइट. मीही तेच केलं. स्वतःची साइट तीनदा पाडून बांधली आणि पहिलं काम आलं ते जुन्या ऑफिसातल्या एकाच्या फोनवरून, त्यानं साइट उघडूनही बघितली नव्हती. तेव्हा ते सगळं नंतर करा. एकट्याच्या कंपनीत विकायला माल एकच, तुमचे कामाचे दिवस, आणि तो वर्षाला ठरलेलाच येतो. खाली जे लिहिलंय ते सगळं हे दिवस कुठून कुठून गळतात आणि ती गळती कशी बुजवायची त्याबद्दल आहे. कोड लिहिता येतो असं धरून चालतोय.

१. विकता येणारे दिवस मोजा, मग रेट काढा

वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. सुट्ट्या, स्वतःची रजा आणि आजारपण मिळून ३६ धरा, राहिले २२५. बहुतेक जण इथे थांबतात आणि पगाराला २२५ नी भागून मोकळे होतात. पण या २२५ पैकी किती दिवसांचे पैसे कोणीतरी देणार आहे? कोटेशन लिहिणं, फुकटच्या मीटिंगा, इन्व्हॉइस, पैशाचा पाठपुरावा, नवीन फ्रेमवर्क शिकणं, लॅपटॉप बिघडला तो दिवस, आणि सगळ्यात मोठं म्हणजे एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचा रिकामा काळ, यातल्या कशाचंच बिल लागत नाही. मी ६० टक्के धरतो, म्हणजे १३५ दिवस. पहिल्या वर्षी ५० टक्केच धरा.

आता समजा नोकरीत वर्षाला १०० मिळत होते, एकक कुठलंही घ्या. तेवढंच हातात राहायला हवं असेल तर वर धंद्याचा खर्च १५ (लॅपटॉप, सॉफ्टवेअर, अकाउंटंट, इंटरनेट), नोकरीत कंपनी जो विमा आणि पेन्शन भरायची त्याचे १५ आणि वाईट महिन्यांसाठी १०. झाले १४०. भागिले १३५, म्हणजे दिवसाला १.०४. नोकरीत १०० भागिले २६१, म्हणजे ०.३८ पडत होते. थोडक्यात दिवसाचा रेट नोकरीच्या पावणेतीनपट आला. हा आकडा बघून पहिल्यांदा पोटात गोळाच येतो, इतकं कोण देणार म्हणून, आणि मग आपणच फोनवर समोरच्यानं काही म्हणायच्या आत वीस टक्के कमी करून मोकळे होतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते यासाठीच. आकडा सांगा आणि गप्प बसा, फोनवरची ती चार-पाच सेकंदांची शांतता सहन करायला शिकणं हे मला तरी कुठल्याही फ्रेमवर्कपेक्षा अवघड गेलं.

तासाचा रेट, दिवसाचा रेट की फिक्स रक्कम, यावर लोक तावातावानं भांडतात. माझं साधं आहे. काम छोटं आणि स्पष्ट असेल तर फिक्स, काय हवंय तेच क्लायंटला माहीत नसेल तर दिवसाचा रेट, आणि तासाचा फक्त मेंटेनन्ससाठी. कमीत कमी अर्ध्या दिवसाचं बिल लावतो, कारण वीस मिनिटांचं काम कधीच वीस मिनिटांत होत नाही, जुना प्रोजेक्ट उघडून चालू करण्यातच तास जातो.

२. कागदपत्रं, पटकन

नोंदणी कुठल्या प्रकारची करायची ते तुमच्या देशाच्या कायद्यावर आहे, एका अकाउंटंटला एक तासाचे पैसे देऊन विचारा. दोन गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा, आणि पैसे आले की त्याच दिवशी कराचा हिस्सा तिसऱ्या खात्यात टाका, तो पैसा आपला नाही. अजून एक, वर्षानुवर्षं एकाच क्लायंटकडे, त्यांच्याच वेळेत, त्यांच्याच लॅपटॉपवर काम करत असाल तर बऱ्याच देशांत कर खातं तुम्हाला छुपा कर्मचारी मानू शकतं. हेही अकाउंटंटला विचारून घ्या.

३. काम कुठून येतं

तीनच ठिकाणांहून: जुने सहकारी, जुने क्लायंट आणि मोठ्या एजन्सी. फ्रीलान्सिंगच्या साइटवर बोली लावून काम मिळत नाही असं नाही, पण त्यात जे दिवस जातात ते वर काढलेल्या १३५ मधूनच जातात हे लक्षात ठेवा.

एजन्सीकडचं काम सुरुवातीला फार चांगलं. क्लायंट शोधायचा नाही, मीटिंगा कमी. पण तिथं तुमचं नाव कुठेच दिसत नाही, आणि त्यांच्या करारात हमखास एक ओळ असते की आमच्या क्लायंटनं पैसे दिले की तुम्हाला देऊ. ती ओळ काढून घ्या. त्यांचा क्लायंट तुमचा नाही, त्याची उधारी तुमच्या डोक्यावर कशाला? आणि कुठलाही एक क्लायंट वर्षाच्या कमाईच्या ४० टक्क्यांच्या वर जायला लागला की दुसरीकडे शोधाशोध सुरू करायची, तो कितीही गोड बोलत असला तरी.

पहिल्या फोनवर चारच गोष्टी विचारा: शेवटचा निर्णय कोण घेणार, तारीख कुठली आणि तीच का, पैसे साधारण किती ठेवलेत, आणि साइटवरचा मजकूर आणि फोटो कोण देणार. चौथ्या प्रश्नाला "ते बघू नंतर" असं उत्तर आलं की समजायचं, काम रखडणार.

४. अंदाज बांधणं

प्रत्येक कामाचे असे तुकडे करा की कुठलाच तुकडा दोन दिवसांच्या वर जाणार नाही. ज्याचा तुकडाच पडत नाही, ते काम तुम्हाला अजून कळलेलं नाही. असं काही निघालं की तीन आकडे लिहा: सगळं सुरळीत झालं तर, साधारणपणे, आणि सतरा विघ्नं आली तर. पहिला अधिक मधल्याची चौपट अधिक शेवटचा, भागिले ६. उदाहरणार्थ पेमेंट गेटवे जोडायचं काम, २ दिवस, ४ दिवस, १२ दिवस. म्हणजे २ अधिक १६ अधिक १२, ३०, भागिले ६, पाच दिवस. मनातल्या मनात आपण चार म्हणालो असतो. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून आलीय, आपल्याकडे क्षेपणास्त्र नसलं तरी दुसऱ्याचं अर्धवट डॉक्युमेंटेशन असलेलं एपीआय असतं आणि ते तेवढंच बेभरवशाचं.

मग येतात विसरलेली कामं. मी एक यादी भिंतीला चिकटवलीय, प्रत्येक कोटेशनच्या आधी वाचतो: जुन्या लिंकांचे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पानावर नेणारे), फॉर्मवरचा स्पॅम, फॉर्मचे मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या नोंदी), फोटो लहान करणं, ४०४ चं पान, कुकीची पट्टी, कीबोर्डवरून साइट चालते का, क्लायंटच्या माणसाला शिकवणं, मजकूर भरणं. शेवटचं एकटंच तीन-चार दिवस खातं आणि ते कोटेशनमध्ये कधीच नसतं. स्पीडबद्दल काही कबूल करणार असाल तर "साइट फास्ट असेल" असं लिहू नका, गूगलचे आकडे लिहा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत, लेआउट हलण्याचा स्कोर ०.१ च्या खाली. म्हणजे नंतर वाद घालायला जागा राहत नाही, त्यांनाही आणि तुम्हालाही.

५. कोटेशन आणि करार

इथं जरा थांबतो, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस इथंच बुडालेत.

एक काम होतं, सहा आठवड्यांचं. मी पाच आठवड्यांत साइट उभी करून दिली. मजकूर यायचा होता. या आठवड्यात देतो, पुढच्या आठवड्यात देतो, मग त्यांचा मार्केटिंगवाला नोकरी सोडून गेला, मग नवीन आला त्याला रंगच आवडला नाही. सात महिने घोंगडं भिजत पडलं. करारात शेवटचे ५० टक्के "साइट लाइव्ह झाल्यावर" असं लिहिलं होतं, माझ्याच हातानं, त्यामुळे सात महिने निम्मे पैसे अडकले आणि मला बोलायला तोंड नाही. तेव्हापासून कानाला खडा, शेवटचा हप्ता क्लायंटच्या कृतीला बांधायचा नाही, तारखेला बांधायचा.

आता माझी विभागणी अशी असते: ४० टक्के काम सुरू करायच्या आधी, ३० टक्के स्टेजिंगवर (साइटची लोकांना न दिसणारी, चाचणीची प्रत) दाखवल्यावर, आणि ३० टक्के लाइव्ह करायच्या आधी किंवा स्टेजिंगवर पूर्ण काम दिल्यापासून १४ दिवसांनी, यातलं जे आधी होईल ते. त्या १४ दिवसांत लेखी चुका कळवायच्या, नाही कळवल्या तर काम मान्य. ॲडव्हान्स द्यायला जो कुरकुरतो तो शेवटचा हप्ता देताना काय करेल याचा विचार करून ठेवा.

कोटेशनमध्ये काय करणार याच्याइतकीच मोठी यादी काय करणार नाही याची द्या. माझ्या एका कोटेशनमधल्या ओळी जशाच्या तशा:

"या रकमेत पाच प्रकारच्या पानांचं डिझाइन आणि प्रत्येकी दोन वेळा बदल धरले आहेत. मजकूर लिहिणं, भाषांतर, फोटो विकत घेणं, जुन्या साइटवरचे लेख हलवणं आणि ईमेलची व्यवस्था धरलेली नाही. मजकूर ठरलेल्या तारखेनंतर १० कामाच्या दिवसांपेक्षा उशिरा आला तर काम थांबेल आणि माझ्या पुढच्या रिकाम्या तारखेला पुन्हा सुरू होईल."

शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. त्यानं भांडण होत नाही, पण मजकूर वेळेवर येतो.

कराराचं अजून थोडं. कोडचा मालकी हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच क्लायंटकडे जाईल असं लिहा. मोठ्या कंपन्या स्वतःचा करार पाठवतात, त्यात "सर्व कोड फक्त आमच्या मालकीचा" असं असतं, त्यावर डोळे झाकून सही करू नका. वर्डप्रेस जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, बाकी लायब्रऱ्या एमआयटी किंवा तसल्याच कुठल्या लायसन्सखाली, ते तुमचं नाहीच तर देणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ओपन सोर्स आणि तुमचा आधीपासूनचा स्वतःचा कोड वगळून, असं एक वाक्य टाकून घ्या. आणि नुकसानभरपाईला कमाल मर्यादा हवी, कामाच्या रकमेइतकी.

मध्येच "एवढं एक छोटंसं करून टाका ना" आलं की नाही म्हणू नका, आणि लगेच होही म्हणू नका. असा मेल टाका: "करता येईल. दीड दिवसाचं काम आहे, रक्कम अमुक, लाइव्हची तारीख दोन दिवस पुढे जाईल. हो कळवलंत की लगेच घेतो." निम्म्या वेळा उत्तर येतं की राहू दे. म्हणजे ते तेवढं गरजेचं नव्हतंच, आणि तुमचा दीड दिवस वाचला.

६. काम सुरू करताना

कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, स्टेजिंग वेगळं आणि पासवर्डखाली, सगळे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, चॅटवर नाही. बॅकअपचा जुना नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक त्या होस्टिंगच्या बाहेर. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप खरंच उघडून साइट उभी करून बघा, नाहीतर वेळ आल्यावर कळतं की डेटाबेसची फाइल गेले चार महिने शून्य केबीची आहे.

डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या कार्डवर. क्लायंट हातात राहावा म्हणून स्वतःच्या नावावर घेणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही, आणि धोका उलट तुम्हालाच आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली आणि रजिस्ट्रारनं (डोमेन विकणाऱ्या कंपनीनं) ते काढून टाकलं की ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी ते बाजारात कोणालाही खुलं. तुम्ही हॉस्पिटलात पडला असाल त्या महिन्यात नेमकं हे झालं तर?

७. गो-लाइव्ह

एकदा मी शुक्रवारी संध्याकाळी साइट नवीन होस्टिंगवर हलवली. डोमेनचे नेमसर्व्हर बदलले, दहा मिनिटांत नवीन साइट दिसायला लागली, गंगेत घोडं न्हालं म्हणून लॅपटॉप मिटला. सोमवारी सकाळी फोन, शनिवारपासून कंपनीत एकही मेल आलेला नाही. झालं असं होतं की नेमसर्व्हर बदलल्यावर डीएनएसची (डोमेनची साइट, मेल वगैरे कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) सगळी नोंदवही नव्या होस्टिंगची लागू झाली, तिथे एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे जायचा ती नोंद, नव्या सर्व्हरकडेच बोट दाखवत होता, आणि त्या सर्व्हरवर कोणाचीच मेलबॉक्स नव्हती. मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला "असा पत्ता नाही" असं उत्तर जात होतं. माझ्या डोक्यात फक्त वेबसाइट होती, मेलही त्याच डोमेनवर चालतो हे डोक्यातच आलं नाही. ते दोन दिवस फुकट निस्तरले आणि क्लायंटची माफी मागितली ती वेगळी.

आता क्रम असा. दोन दिवस आधी डीएनएसचे सगळे रेकॉर्ड एका फाइलमध्ये उतरवून घ्या, ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी, सगळे, कोणता कशाला आहे ते कळत नसलं तरी. टीटीएल (जुनी नोंद बाकीचे सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो आकडा) कधीकधी ८६४०० सेकंद म्हणजे अख्खा दिवस असतो, तो ३०० वर आणा आणि एक पूर्ण दिवस जाऊ द्या. नेमसर्व्हरला हात लावू नका, फक्त साइटचा ए रेकॉर्ड (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद) बदला, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वेगळा असेल तर तोही. वार मंगळवार किंवा बुधवार, वेळ सकाळची. मग लगेच: स्टेजिंगवरचा "सर्च इंजिननं येऊ नये" हा टॅग काढला का (हा राहिला तर महिनाभर कोणाला कळत नाही), फॉर्म भरून मेल खरंच पोचतो का, जुन्या दहा लिंका उघडून योग्य पानावर जातात का. जुनं होस्टिंग एक महिना तसंच ठेवा.

एसएसएल सर्टिफिकेट (ज्यानं साइट https वर सुरक्षित चालते ते) हातानं लावायची सवय असेल तर सोडा. लेट्स एन्क्रिप्टची फुकटची सर्टिफिकेटं जास्तीत जास्त ९० दिवसांची असतात, आणि विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदतही १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर येऊन २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर जायची ठरलीय. दहा क्लायंटची सर्टिफिकेटं दर ४७ दिवसांनी हातानं बदलायला बसलात तर दुसरं काम करायला नको. आपोआप रिन्यू होईल असंच लावा.

८. पैसे मागणं

टप्पा झाला त्याच दिवशी इन्व्हॉइस. "३० दिवसांत" असं नुसतं लिहू नका, तारीख लिहा. मुदतीच्या तीन दिवस आधी एक साधा मेल, मुदत उलटली की दुसऱ्या दिवशी एक, सातव्या दिवशी फोन, चौदाव्या दिवशी काम थांबवल्याचं लेखी. या तारखा कॅलेंडरमध्ये आधीच टाकून ठेवा म्हणजे दर वेळी "आज विचारू का, बरं दिसेल का" असा विचार करत बसावं लागत नाही. मोठ्या कंपनीत फोन तुमच्या ओळखीच्या मॅनेजरला करू नका, अकाउंट्समधल्या माणसाला करा, बऱ्याचदा पीओ (त्यांच्या खरेदी ऑर्डरचा) नंबर टाकायचा राहिलाय एवढंच निघतं. रागाच्या भरात चालू साइट बंद पाडू नका, त्यातून कायद्याचं लचांड तुमच्याच गळ्यात येऊ शकतं.

९. मेंटेनन्स

साइट दिली की संबंध संपला असं करू नका. महिन्याची ठरावीक रक्कम, त्यात अपडेट, बॅकअप, साइट चालू आहे की नाही त्याची देखरेख आणि समजा तीन तास किरकोळ बदल. न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जात नाहीत हे आधीच लिहा, नाहीतर डिसेंबरात कोणीतरी साचलेले तीस तास मागायला येतो. क्लायंट विचारतो, साइट तर चालतीये, पैसे कशाचे? त्याला तारखा दाखवा. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, ड्रुपल ७ चा जानेवारी २०२५ मध्ये, आणि त्यानंतर सापडलेलं भोक मूळ टीम बुजवत नाही. अशी सहा-सात गिऱ्हाइकं झाली की रिकाम्या महिन्याची धास्ती बरीच कमी होते.

१०. दुसऱ्याला काम देताना

काम जास्त झालं की एखाद्या ओळखीच्या डेव्हलपरला द्याल. त्याचे पैसे तुमच्या क्लायंटच्या पैशाला बांधू नका, एजन्सीनं तुमच्याशी केलेलं तुम्ही त्याच्याशी करू नका. त्याच्याकडूनही कोडच्या हक्काचं लेखी घ्या, नाहीतर जे तुमच्याकडेच नाही ते क्लायंटला देताय. त्याच्या दर चार दिवसांमागे तुमचा एक दिवस बघण्यात आणि समजावण्यात जातो, तो रेटमध्ये धरा. याच माणसाशी आजारपणाचंही बोलून ठेवा: मी दोन आठवडे उठू शकलो नाही तर कोणत्या तीन क्लायंटना फोन करायचा आणि पासवर्ड मॅनेजरचा इमर्जन्सी ॲक्सेस कुणाकडे आहे.

११. शुक्रवारचा अर्धा तास

दर शुक्रवारी दुपारी, लाइव्ह काही न करता, वही उघडायची. तीन आकडे लिहायचे: या आठवड्यात किती दिवसांचं बिल लागेल, किती रक्कम मुदत उलटूनही यायची आहे, आणि ॲडव्हान्स मिळालेलं काम पुढचे किती आठवडे पुरेल. तिसरा आकडा सहाच्या खाली आला की त्याच दुपारी तीन जुन्या क्लायंटना मेल टाकायचा, "काही काम आहे का" असा नाही, त्यांच्या साइटवरची एखादी खरी गोष्ट बघून: तुमचा संपर्काचा फॉर्म मोबाइलवर अर्धा कापला जातोय, अर्ध्या दिवसाचं काम आहे, पुढच्या मंगळवारी करून देऊ का?